नवी मुंबईच्या घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यातली आमची मराठी शाळा : २०२४-२५ चं अख्खं वर्ष, एका आईचा रिव्ह्यू

सोसायटीतल्या बऱ्याच जणी विचारतात की तुमच्या मुलांची शाळा कशी आहे, पाचवीला किंवा आठवीला तिथे टाकू का, अॅक्टिव्हिटीज होतात का नुसतं पुस्तक एके पुस्तक, म्हणून आता सविस्तरच लिहिते. माझी लेक या वर्षी नववीत होती आणि धाकटा सहावीत, त्यामुळे मोठी मुलं आणि छोटी मुलं दोघांचंही वर्ष जवळून बघायला मिळालं. शाळा अनुदानित, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. एका बाजूला गावठाण, दुसऱ्या बाजूला सिडकोची बैठी घरं. नाव लिहीत नाही कारण खाली मुलांबद्दल बरंच काही आहे, पण आमच्या पट्ट्यातल्या लोकांना न सांगता कळेल.

मत आधी सांगून टाकते. इमारत साधी आहे, लॅब जेमतेम आहे, कॉम्प्युटर जुने आहेत. पण वर्षभरात जे काही होतं ते वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतं, आणि माझ्यासाठी शाळा बघताना हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे. कितीतरी शाळांचे फोटो बघा, भाषणाला तीच मुलगी, नाचात पुढे तीच मुलगी, बक्षीस घेताना पण तीच, आणि बाकीची पन्नास मुलं खाली बसून टाळ्या वाजवतात. इथे तसं होत नाही. जिथे झालं ते पण खाली लिहिलंय.

मुलं कुठली आहेत ते माहीत असलं तर पुढचं नीट कळेल. गावठाणातली आगरी-कोळी घरांतली आहेत, ज्यांच्या आजोबांच्या शेतीवर आणि मिठागरांवर आज आपली शहरं उभी आहेत. मग मार्केटमधल्या माथाडींची मुलं, म्हणजे मूळ सातारा, सांगली, जुन्नरकडची. काही एमआयडीसीत काम करणाऱ्यांची, काही घरकाम करणाऱ्या बायांची. घरी सगळे जण मराठी बोलतात असंही नाही, धाकट्याच्या वर्गात यूपीची दोन मुलं आहेत आणि त्यांचं मराठी आता ऐकण्यासारखं झालंय.

शाळा १५ जूनला सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यापासूनच परिपाठ हजेरी नंबरप्रमाणे. म्हणजे राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका हे सगळे मिळून म्हणतात, पण पुढे सुविचार, दिनविशेष, बातम्या, गोष्ट आणि पाच प्रश्न हे ज्या वर्गाचा आठवडा असेल त्यातल्या मुलांनी नंबर येईल तसं करायचं, बाईंनी निवडायचं नाही. लेकीच्या वर्गात एक मुलगा आहे, बोलताना अडखळतो. त्याचा नंबर आला तेव्हा त्याला बातम्या होत्या. लेक घरी येऊन सांगत होती की त्याला वेळ लागला, पण कोणी हसलं नाही आणि बाईंनी मधे येऊन वाक्य पूर्ण केलं नाही, सगळं ग्राउंड थांबलं आणि त्याने तीनही बातम्या वाचल्या. दिवाळीनंतर त्याचा नंबर परत आला तेव्हा त्याने स्वतःहून मोठी बातमी घेतली होती. मला ही शाळा आवडण्याचं कारण कोणी एकच विचारलं तर मी हेच सांगेन.

आषाढीला दिंडी झाली, एकादशीची १७ जुलैला सुट्टी होती म्हणून आदल्या दिवशी, पावसात भिजत गावातल्या देवळापर्यंत आणि परत. छान झाली, सगळ्या शाळांत होते तशीच.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मात्र खरंच बघण्यासारखी असते. नागरिकशास्त्राच्या सरांनी अर्ज भरायला लावले, छाननी, अर्ज मागे घ्यायची तारीख, चिन्हवाटप, सगळं रीतसर. चिन्हं पण मुलांच्या वापरातली, कंपास, डबा, छत्री, घंटा. प्रचाराला मधली सुट्टी आणि तेवढीच, पोस्टर हाताने काढलेलं, छापील चालणार नाही, चॉकलेट वाटलेलं दिसलं की अर्ज बाद. मतदान मोबाईलवरच्या मतदान यंत्राच्या अॅपवर, बोटाला शाई, दाराशी मतदार यादी घेऊन दहावीच्या मुली बसलेल्या. नोटा पण होतं. आरोग्यमंत्री पदाला माझ्या लेकीने अर्ज भरला आणि पडली, जिंकली आठवीतली एक मुलगी, जिने एकच वचन दिलं होतं की मुलींच्या टॉयलेटमध्ये बादली-मग कायम असतील. आणि ते तिने केलं, मुख्याध्यापकांच्या मागे लागून लागून केलं, महिन्यातून एकदा मंत्रिमंडळाची मीटिंग होते तिथे प्रत्येक वेळी तोच विषय. नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाला, २० तारखेला, शाळेत आमचं मतदान केंद्र होतं तेव्हा धाकटा मला वाटेत सांगत होता की आई, आधी यादीत नाव बघतात, मग शाई, मग बटण, आणि मशीनच्या बाजूला चिठ्ठी दिसते ती नीट बघ. सहावीतलं पोरगं. नागरिकशास्त्र पाठ करून हे येत नाही.

आता खेळ. मैदान शाळेच्या मालकीचं छोटंसं आहे, मोठ्या मॅच समोरच्या सिडकोच्या मैदानावर होतात. मुख्य खेळ खो-खो, कारण त्याला दोन खांब आणि चुना सोडून काही लागत नाही, आणि पीटीचे सर स्वतः खेळलेले आहेत. मनपा पातळीच्या शालेय स्पर्धांना १४ आणि १७ वर्षांखालच्या टीम जातात, तिथे अर्थातच निवड होते, होणारच. पण नोव्हेंबर-डिसेंबरात ज्या हाऊसच्या मॅचेस असतात त्याचा सरांचा नियम मला फार पटला. शाळेच्या टीममधून जे बाहेर खेळून आलेत त्यांनी हाऊसमधून खेळायचं नाही, त्यांनी पंच व्हायचं, वेळ लावायची, गुण लिहायचे आणि आपल्या हाऊसला शिकवायचं. खेळणार बाकीचे. आणि संरक्षणाला तीन-तीन जण उतरतात ना, तर दुसऱ्या डावात पहिल्याच तिघांना परत उतरवायचं नाही, नवीन तिघे. त्यामुळे ज्या मुली पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून झाडाखाली बसायच्या त्या पण चौकोनात बसल्या, एकीचं तोंड इकडे एकीचं तिकडे, आणि खो मिळाल्यावर पळाल्या. पहिल्या मॅचला सगळा गोंधळ, कोणी मधल्या पाटीतूनच पलीकडे जातंय, कोणी दिशा घेतली आणि मागे वळलं, शिट्टीवर शिट्टी. शेवटच्या मॅचपर्यंत खांबाजवळ कशी फसवायची हे त्यांना कळायला लागलं होतं. माझी लेक जाडसर आहे, धावणं हा तिचा प्रांत नाही असं तिनेच ठरवून टाकलं होतं, तिने एक गडी टिपला आणि तो दिवस ती अजून विसरलेली नाही, मी पण नाही.

आणि नेमकं जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, १३ ते १९ जानेवारी, आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही फायनल नेपाळला हरवून जिंकल्या, आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. फायनल रविवारी होती, मुलांनी घरी बघितली. सोमवारी परिपाठात पहिली बातमी तीच आणि सर म्हणे बोलायलाच उभे राहिले नाहीत, मुलंच बोलत होती की कुठल्या टर्नला काय झालं. ज्या मुलांनी महिनाभरापूर्वी तोच खेळ त्याच मातीत खेळलाय ती टीव्हीवर मॅच वेगळ्या डोळ्यांनी बघतात.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना शाळा चांगली तयारी करून घेते. लेकीने आठवीत एलिमेंटरी दिली होती, या वर्षी इंटरमिजिएट, बी ग्रेड मिळाली. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आजकाल सगळे धावतात, पण इथल्या चित्रकलेच्या बाई स्थिरचित्राला खरंच समोर तांब्या, कांदे आणि कापड मांडून बसवतात, पुस्तकातलं बघून गिरवायला देत नाहीत. स्मरणचित्राला विषय दिला ‘बाजार’ तर म्हणाल्या शनिवारी खरंच बाजारात जा, उभे राहा, मासे विकणारी बसते कशी ते बघा, मग काढा. गावठाणातल्या मुलांच्या चित्रातली कोळीण बघा, पाय कसे, टोपली कशी, सूप कुठे, एकेक गोष्ट बरोबर.

इथे मात्र तक्रार आहे आणि ती मोठी आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला असते, म्हणजे माझ्या दोघांनाही याच वर्षी. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. मराठीतून देता येते. फॉर्म सगळ्यांना दिले, पण जादा तास फक्त मागच्या वर्षी वरचे नंबर आलेल्या मुलांना. धाकट्याला विज्ञानाचं वेड आहे, घरात पंखा, मिक्सर काही सोडत नाही, पण गणितात मार्क कमी म्हणून यादीत नाव नाही. मी भेटून बोलले, बाईंनी ऐकून घेतलं, म्हणाल्या एकच शिक्षिका आहे आणि लॅबमध्ये एका वेळी बसतील एवढीच मुलं घेता येतात. अडचण खरी आहे, मान्य. पण मग तिथेही आळीपाळीने घ्या ना, जसं परिपाठात घेता. ज्या मुलाला नववीत पहिल्यांदा टेस्ट ट्यूब हातात मिळणार त्याला प्रयोग आवडतात की नाही हे कळणार कधी.

विज्ञान प्रदर्शन त्या मानाने खुलं होतं. नववीच्या एका गटाचा प्रकल्प मला सगळ्यात आवडला, खर्च जवळजवळ शून्य. ठाणे खाडीचं एक लिटर पाणी जुलैत घेतलं, गाळून आटवलं आणि उरलेलं मीठ किराणावाल्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर वजन केलं. मग तेच फेब्रुवारीत, त्याच जागी, भरतीच्या वेळी. उघड्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पावसाळ्यात खाडीत डोंगरावरचं गोडं पाणी उतरतं म्हणून जुलैचं मीठ खूप कमी भरलं, फेब्रुवारीचं जास्त. दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, त्यातला फरक दुरून पण दिसत होता. त्यातल्या एकीचे आजोबा मिठागरावर काम केलेले, त्यांनी तिला सांगितलं होतं की दिवाळीनंतरच मीठ का पिकतं. तो सगळा भाग तिने स्वतः समजावून सांगितला, न अडखळता.

सहल फेब्रुवारीत ऐरोलीला, सागरी व किनारी जैवविविधता केंद्रात. आधी रायगड ठरत होतं, खर्च जास्त येतो म्हणून निम्मी मुलं नाव देईनात, मग शाळेने ठरवलं की सगळे येतील तिथेच जाऊ. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटला. एनएमएमटीच्या बसने गेले, डबा घरचा. तिथे कांदळवनातून लाकडी वाट आहे, तिवराची मुळं चिखलातून वर श्वास घ्यायला कशी येतात ते समोर दिसतं, आणि बोटीतून फ्लेमिंगो बघायला जाता येतं. बोट मात्र भरती-ओहोटीच्या वेळेवर असते, तुमच्या सोयीवर नाही. इथे एका कोळी मुलाचे बाबा बरोबर आले होते आणि त्यांनी उधाणाची म्हणजे मोठी भरती आणि भांगाची म्हणजे छोटी भरती मुलांना पंचांगाच्या तिथीवरून समजावली, अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, आणि आज तिथी कुठली म्हणजे पाणी किती चढेल ते मुलांकडूनच वदवून घेतलं. भूगोलात हा धडा मुलांनी वाचलेला होता, पण सूर्य-चंद्राच्या बाणांच्या आकृतीतून हे कधी डोक्यात शिरतं का. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत आला, हे गाईडने सांगितलं. मग धाकट्याच्या वर्गातल्या मुलीने विचारलं की मे महिन्यात घाटकोपरला विमानाला धडकून एवढे फ्लेमिंगो मेले ते का. २०२४ च्या मे मधली गोष्ट, तीसच्या वर पक्षी मेले होते. परत आल्यावर मराठीच्या बाईंनी निबंधाला तोच विषय दिला, आणि ‘माझी अविस्मरणीय सहल’ लिहायला लावलं नाही याबद्दल मी त्यांना खास जाऊन थँक्यू म्हटलं.

गॅदरिंगबद्दल लिहिताना हात आवरत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, शाळेच्याच पटांगणात मांडव घालून. इथेही प्रत्येक वर्गाचा एकच कार्यक्रम आणि अख्खा वर्ग त्यात हवा, स्टेजवर नाहीतर मागे, पण नाव हवं. या वेळी सिनेमाची गाणी बंद, ज्याच्या घरी जे आहे ते आणा असं ठरलं. लेकीच्या वर्गात माथाडींची बरीच मुलं आहेत, सांगली-साताऱ्याकडची, त्यांनी धनगरी गजी, म्हणजे ढोलावरचा धनगरांचा नाच, बसवली, ढोल गावावरून एसटीने आणला. आणि त्याच वर्गातल्या आगरी मुलींनी धवला, म्हणजे लग्नातलं पारंपरिक गाणं, म्हटला. हल्ली लग्नात पण डीजे लागतो, धवलारीण बोलावणारी घरं कमी राहिलीत, तर एका मुलीची आजी रोज चारच्या सुमारास शाळेत येऊन शिकवायची. एक महिना. आजींना लिहिता-वाचता येत नाही, मुली ऐकून वहीत लिहून घ्यायच्या आणि त्या वहीची झेरॉक्स आता शाळेच्या लायब्ररीत आहे. कार्यक्रमाच्या दिवशी आजींना पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या बरोबरीने बसवलं, मुख्याध्यापकांनी शाल-श्रीफळ दिलं. गजीचा ढोल सुरू झाला तेव्हा मागे उभे असलेले माथाडी बाप लोक जागच्या जागी ठेका धरत होते. माझ्या नवऱ्याचं गाव माण तालुक्यातलं, त्याने एवढ्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं की तो लहानपणी गजीत नाचायचा, त्या रात्री घरी येऊन लेकीला पावलं दाखवत बसला.

कपड्यांवर खर्च झाला नाही हेही सांगायला हवं. धोतरं, मुंडासी, नऊवारी सगळं घरातलं नाहीतर शेजारचं. भाड्याच्या ड्रेससाठी पैसे जमा करा असा मेसेज आला नाही. पाहुण्यांची भाषणं मात्र फार लांबली, छोटी मुलं मेकअप करून दोन-दोन तास ताटकळली, पाचवीची दोन तर झोपलीच. पुढच्या वर्षी भाषणं शेवटी ठेवा, नाहीतर ठेवूच नका.

बाकी कमी काय आहे. मुलींच्या टॉयलेटला बादली-मग आले पण दाराच्या कड्या अजून नीट नाहीत. कॉम्प्युटरच्या तासाला एका मशीनवर चार जण. व्हॉट्सअॅप ग्रुपवर उद्याच्या प्रोजेक्टचं सामान रात्री दहाला सांगतात, तेव्हा कोणतं स्टेशनरीचं दुकान उघडं असतं. खो-खोची प्रॅक्टिस हिवाळ्यात अंधार पडेपर्यंत चालते आणि मुलींना सोडायची व्यवस्था शाळेची नाही, आम्ही आया पाळीपाळीने जायचो. आणि दहावीची मुलं दिवाळीनंतर कशातच दिसत नाहीत, ना गॅदरिंगला, ना प्रदर्शनाला, नुसत्या सराव परीक्षा. बोर्ड २१ फेब्रुवारीला सुरू झालं, वेळ कमी होता हे कळतं, तरी एखादी संध्याकाळ त्यांना द्यायला हरकत नव्हती. पुढच्या वर्षी माझी लेक दहावीत आहे, पालक सभेत हा विषय मी काढणार आहे.

अभ्यासाचं विचाराल तर मध्यम-चांगला. गणिताचे सर उत्तम, इंग्रजीला अजून बोलायला लावलं पाहिजे. सहामाही, घटक चाचण्या वेळेवर, पेपर घरी दाखवतात. पाच पैकी चार स्टार, एक स्टार लॅबचा आणि त्या होमी भाभाच्या यादीचा कापला.

खर्च : अनुदानित असल्यामुळे फी नाममात्र. आठवीपर्यंत पुस्तकं आणि पोषण आहार सरकारी योजनेतून मिळतो, नववीपासून बालभारतीची पुस्तकं विकत. वर्षभरात अॅक्टिव्हिटीसाठी म्हणून वेगळं जे गेलं ते सहल, ग्रेड परीक्षेची फी आणि होमी भाभाचा फॉर्म, बस्स.

प्रवेश घ्यायचा असेल तर पाचवी आणि आठवीला जागा असतात, कारण आसपासच्या प्राथमिक शाळांतून मुलं तेव्हाच येतात. नववीला कमी, दहावीला घेत नाहीत. आधीच्या शाळेचा दाखला, आधार, मागचं प्रगतिपुस्तक आणि असेल तर जातीचा दाखला लागतो, निकाल लागला की लगेच जा, जूनपर्यंत थांबू नका. आठवी ते दहावी सकाळी भरते आणि पाचवी ते सातवी दुपारी, त्यामुळे माझ्यासारखी दोन मुलं दोन शिफ्टला असतील आणि दोघंही नवरा-बायको कामावर जात असाल तर मधल्या वेळेत धाकट्याजवळ कोण थांबणार ते आधी ठरवून ठेवा, शाळेत तशी सोय नाही.